पूर्वजांचा शोध आणि सत्याचे ओझे

प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत एक लोखंडी कपाट असते. त्यात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या ओळीने उभ्या असतात. नव्या वह्यांना विश्रांती नसते. लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा दाखला हवा, शाळेत नाव घालायचे की दाखला हवा. जुन्या वह्यांकडे मात्र पूर्वी फारसे कोणी फिरकत नसे. दमट हवेने त्यांची पाने ठिसूळ होतात, कसर त्यांना जाळी पाडते आणि काळी शाई हळूहळू तपकिरी होत जाते. परंतु अलीकडे या वह्यांनाही वाचक मिळू लागले आहेत. येथून गेलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी टोरांटोहून, लंडनहून किंवा सिडनीहून येते, कचेरीच्या खुर्चीत बसते आणि विचारते, “फादर, आमचे पणजोबा याच गावचे. त्यांचे नाव मिळेल का?”

आम्ही अशा पाहुण्यांचे मनापासून स्वागत करतो. मात्र काही वर्षांपूर्वी आलेल्या एका गृहस्थांनी, स्वतःच्याही नकळत, आम्हांला एका नैतिक प्रश्नापुढे उभे केले. तो प्रश्न त्यांच्याबरोबर परत गेला नाही. तो आमच्याकडेच राहिला, म्हणून आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

हे गृहस्थ वयाने सत्तरीच्या घरातले, निवृत्त शिक्षक. त्यांचे पणजोबा गावातून प्रथम मुंबईला गेले, तेथे बोटीवर नोकरी धरली आणि पुढे कराचीत स्थायिक झाले. फाळणीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जात होती की पणजोबांचे घराणे एका पोर्तुगीज सरदाराचे. त्या गृहस्थांनी आम्हांला आगाऊ पत्र पाठवले होते. त्यात नाव आणि अंदाजाने वर्ष होते. नोंदी पोर्तुगीज भाषेत असल्याने ते येण्याच्या आदल्या रात्री आम्ही वही काढून बसलो. बऱ्याच शोधानंतर नोंद सापडली. मूल चर्चच्या दाराशी ठेवलेले मिळाले होते. आईबापांच्या नावांच्या जागी ‘पाइश इन्कोग्नितुश’, म्हणजे ‘आईबाप अज्ञात’, एवढेच दोन शब्द होते. खाली धर्ममातेचे नाव होते. ती गावातल्याच एका गरीब शेतकरी कुटुंबातली. मग विवाहाची वही काढली. तेथे तोच तरुण, पुन्हा ‘आईबाप अज्ञात’ असा उल्लेख आणि नावापुढे आता एक आडनाव. ते आडनाव त्या धर्ममातेचे होते.

ज्या आडनावाचा उगम ते कुटुंब सरदाराच्या वाड्यात शोधत होते, ते एका शेतकरी बाईने आपल्या घरातून दिलेले होते. रात्री वही मिटताना आमच्या मनात एक विचार आला आणि तो आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. उद्या त्या वृद्ध माणसाला सांगावे, “क्षमा करा, नोंद सापडली नाही.” वही जुनी, पाने फाटलेली, कोणाला संशय येणार होता? ते आपली कथा घेऊन समाधानाने परत गेले असते. दयेपोटी सांगितलेले असत्य हे पाप की पुण्य?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी या वह्या मुळात कशासाठी लिहिल्या गेल्या ते पाहणे इष्ट होईल. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची नोंद ठेवावी असा नियम केला. बाप्तिस्मा देताना धर्मपालकांची नावे लिहून घ्यावीत असेही सांगितले. गुप्त विवाहांमुळे स्त्रियांची होणारी फसवणूक थांबावी, कोणी पहिली पत्नी सोडून दुसरीकडे पुन्हा लग्न लावू नये, नात्यातील विवाह टळावेत, हे त्यामागचे हेतू होते. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची यादी अशा पाच वह्यांची पद्धत घालून दिली गेली. यांत घराण्यांची प्रतिष्ठा हा हेतू कोठेच नव्हता. राजेरजवाड्यांच्या वंशावळी लिहिण्यासाठी भाट होते. या वह्यांत जमीनदाराच्या मुलाखाली त्याच्याच कुळाचे मूल, त्याच शाईने, तितक्याच ओळींत नोंदले गेले. ज्याचे नाव दुसऱ्या कोणीही कधी लिहिले नसते, त्याचेही नाव येथे लिहिले गेले.

याचे मोल कळण्यासाठी आयर्लंडकडे पाहावे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथे भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराई यांनी मेली आणि तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. त्यांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत पसरले आहेत आणि आपल्या पूर्वजांचे गाव शोधत असतात. त्यांना सरकारी कागदांतून मिळते ते थोडेच. १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जळाले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले होते, तर १८८१ व १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यात आला. सर्व जन्मांची सरकारी नोंद तेथे १८६४ पासूनच सुरू झाली. त्यापूर्वीच्या गरीब कॅथॉलिक माणसाचा माग काढायचा तर उरतात त्या धर्मग्रामाच्या वह्या. त्या सरकारजमा नव्हत्या, गावातल्या चर्चमध्येच होत्या, म्हणून आगीतून वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली आणि २०१५ साली ती जगभरच्या लोकांना संगणकावर विनामूल्य पाहण्यास खुली केली.

या वह्यांतून शोध घेणाऱ्यांना काही गोष्टी लवकरच उमगतात. नावे पुष्कळदा लॅटिन रूपात असतात. घरचा जेम्स वहीत ‘जाकोबुस’ होतो. एकाच आडनावाची दहा रूपे सापडतात. आणि मुख्य म्हणजे, ‘आमचे पूर्वज आयर्लंडचे’ एवढे ठाऊक असून भागत नाही. नेमके गाव, नेमका धर्मग्राम ठाऊक नसेल तर हजारो पानांपुढे माणूस हतबल होतो. म्हणून जाणकार सांगतात की शोधाची सुरुवात समुद्रापलीकडे करू नये, आपल्याच घरात करावी. आजीला विचारावे, जुन्या प्रार्थनापुस्तकात ठेवलेली स्मरणपत्रिका पाहावी, थडग्यावरचा दगड वाचावा. आणि ज्याचा शोध आहे त्याचा माग लागत नसेल, तर त्याच्या भावाबहिणींचा माग काढावा.

या शेवटच्या सूचनेचे प्रत्यंतर ॲनी मूर हिच्या कथेत येते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांसाठी नवे ठाणे सुरू झाले. तेथे सर्वांत प्रथम नाव नोंदले गेले ते आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून दोन धाकट्या भावांसह आलेल्या ॲनी मूर या मुलीचे. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट देण्यात आले. १९५४ साली ते ठाणे बंद होईपर्यंत एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसे तेथून अमेरिकेत शिरली. त्या सर्वांची ही पहिली प्रतिनिधी. तिचे पुतळे उभारले गेले, तिच्यावर गाणी रचली गेली. पुढे तिचे काय झाले, याची एक रोमहर्षक हकिगतही प्रचलित होती. ती पश्चिमेकडे टेक्सासला गेली, एका थोर आयरिश देशभक्ताच्या वंशजाशी तिचा विवाह झाला आणि १९२३ साली अपघातात तिचा अंत झाला. त्या टेक्सासच्या बाईंच्या वंशजांना मोठमोठ्या समारंभांना सन्मानाने बोलावले जाई. त्यांचीही यात काही लबाडी नव्हती. घरात ऐकलेल्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला होता.

२००६ साली मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक बाईंनी कागदपत्रे तपासली, तेव्हा टेक्सासच्या ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मल्याचे निघाले. मग खरी ॲनी कोठे गेली? तिच्या धाकट्या भावाच्या, फिलिपच्या, नागरिकत्वाच्या कागदांवरून धागा मिळाला आणि बहीण सापडली. ती कोठेही गेली नव्हती. बोट लागली त्या न्यूयॉर्कच्याच दाटीवाटीच्या गरीब वस्तीत तिने सारे आयुष्य काढले. जर्मन स्थलांतरित घरातील तरुणाशी तिचा विवाह झाला. तिची अनेक मुले लहानपणीच दगावली. १९२४ साली ती वारली आणि क्वीन्समधील कॅल्व्हरी या कॅथॉलिक सिमेत्रीत, नावाचा दगडही नसलेल्या थडग्यात तिला पुरण्यात आले. २००८ साली, म्हणजे मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, त्या थडग्यावर तिच्या नावाचा क्रूस उभा राहिला.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. खोटी कथा अधिक सुंदर होती. ती ऐकून कोणाचे काही बिघडत नव्हते. मग ती मोडण्याने काय साधले? आमच्या मते एक मोठी गोष्ट साधली. जोवर ती सुंदर कथा चालू होती, तोवर खरी ॲनी निनावी पडून होती. आपल्याला हवा तसा पूर्वज आपण घडवतो, तेव्हा जो खरोखर होता, ज्याने खरोखर भूक सोसली, मुले पुरली, तरीही पुढच्या पिढीला जन्म दिला, त्याला आपण घराबाहेर काढतो. मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयी खरे बोलणे हे आपले त्यांच्याशी असलेले पहिले कर्तव्य ठरते.

परंतु याची दुसरी बाजूही आहे आणि ती नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हीच नोंद माणसाच्या गळ्याभोवतीचा फासही होऊ शकते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांपैकी ज्या याजकांना वंशावळीत आपले नाव दाखवता आले नाही, त्यांना याजकपदातून वगळल्याचे एज्राच्या पुस्तकात सांगितले आहे. पोर्तुगालमध्ये दीर्घकाळ ‘रक्तशुद्धी’ची चौकशी झाल्याखेरीज माणसाला धर्मगुरूपद वा मानाची जागा मिळत नसे, यहुदी पूर्वज असलेल्या ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांमधला आणि ‘जुन्या ख्रिस्ती’ लोकांमधला भेद कायद्याने मिटला तो १७७३ साली. आणि १९३३ नंतर जर्मनीत नाझी राजवटीने सरकारी नोकरांपासून सुरुवात करून लोकांकडून आईबाप व आजी-आजोबांचे पुरावे मागितले, तेव्हा ते पुरावे शोधायला लोक गेले कोठे? चर्चच्या कचेऱ्यांत. ज्या वहीत मूल देवाचे झाले म्हणून नाव लिहिले होते, त्याच वहीच्या आधारे कोणाला माणूस म्हणून जगू द्यायचे हे ठरू लागले. आमच्यासारख्या वह्या सांभाळणाऱ्याने ही गोष्ट कधीही विसरू नये.

आपल्या घरापासूनही हे दूर नाही. ‘आमचे मूळ अमुक जातीचे’, ‘आम्ही तमुक घराण्यातून ख्रिस्ती झालो’ अशी वाक्ये आपल्या लग्नाच्या बैठकींत आजही ऐकू येतात. पूर्वजांचा शोध जेव्हा शेजाऱ्यापेक्षा उंच बसण्यासाठी पाट शोधण्याचे काम होतो, तेव्हा तो न केलेला बरा. संत पौलानेही तिमथ्याला अंतहीन वंशावळींच्या नादी लागणाऱ्यांना आवरण्यास सांगितले आहे.

मग सत्य दुःख देणारे असेल तर ते दडवावे काय? संत ऑगस्टिन यांनी असत्यावर लिहिताना एक प्रसंग कल्पिला आहे. एक माणूस मरणासन्न आहे. त्याचा मुलगा वारला आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. तो विचारतो, “माझा मुलगा जिवंत आहे का?” खरे सांगितले तर तो त्या धक्क्याने मरेल. अशा वेळी काय करावे? ऑगस्टिन यांचे हृदय कळवळते आणि ते तसे लपवीतही नाहीत. तरीही असत्याला ते परवानगी देत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनीही परोपकारासाठी सांगितलेले असत्य सौम्य असले तरी पापच मानले. मात्र त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला: खोटे बोलणे वेगळे आणि सत्य विवेकाने राखून ठेवणे वेगळे. सेमिनरीत असताना हा भेद आम्हांला शाब्दिक कसरत वाटत असे. त्या रात्री वहीपुढे बसलो असताना तो प्रथमच समजला.

ख्रिस्तसभेचा कायदाही हाच विवेक पाळतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करताना आईचे नाव तिचे मातृत्व जाहीरपणे ज्ञात असेल किंवा ती स्वेच्छेने मागणी करील तरच लिहायचे. वडिलांचे नाव सरकारी कागदाने किंवा त्यांनी स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर दिलेल्या कबुलीने पितृत्व सिद्ध झाले तरच. जिवंत माणसाची अब्रू वहीहून मोठी आहे, हे यामागचे तत्त्व. जुन्या, १९१७ च्या संहितेत तर अनौरस जन्म हा धर्मगुरूपदाच्या आड येत असे. नव्या संहितेत तो अडथळा राहिला नाही. एका ओळीमुळे किती तरुणांची वाट अडली असेल आणि दोष त्यांचा कोणता होता?

येथे आमच्या प्रश्नाची गाठ सुटू लागली. आम्ही जे लपवू पाहत होतो ते ‘लाजिरवाणे’ आहे असे आम्ही गृहीत धरले होते. पण लाज कोणाची? दाराशी ठेवलेल्या अर्भकाची? मुळीच नाही. असेलच तर ज्याने जबाबदारी टाळली त्याची, आणि एका आईवर मूल सोडण्याची वेळ आणणाऱ्या समाजाची. ‘नोंद सापडली नाही’ असे आम्ही म्हटले असते तर ती लाज आम्ही त्या अर्भकाच्याच माथी पुन्हा मारली असती. आणि ज्या बाईने त्या मुलाला वेदीजवळ हातात धरले, पुढे आपले नाव दिले, तिला दुसऱ्यांदा पुरले असते. दया म्हणून जे करायला निघालो होतो ते वस्तुतः अन्यायाचे झाले असते.

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने करतो. ती वाचताना ख्रिस्तयागात पुष्कळांना डुलकी येते, हे आम्हांला व्यासपीठावरून दिसते! परंतु ती जागेपणी वाचण्याजोगी आहे. त्या यादीत मरियेखेरीज चार स्त्रिया आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. कोणतेही प्रतिष्ठित घराणे ज्यांची नावे हळूच गाळील, अशा. राहाब यरीहोची, रूथ मवाबची. म्हणजे दोघी परक्या देशाच्या. रूथ तर सासूचा हात धरून, पोटासाठी शेतात सरवा वेचत आलेली स्थलांतरित विधवा. मत्तयाला त्या गाळता आल्या असत्या. त्याने त्या गाळल्या नाहीत. प्रभूने आपला वंश निवडून घेतला नाही, आहे तसा स्वीकारला.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. आम्ही वही लगेच उघडली नाही. प्रथम विचारले, “तुम्हांला नेमके काय हवे आहे? घरातल्या गोष्टीला आधार हवा आहे, की पणजोबा हवे आहेत?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, इतक्या लांबून आलो आहे तो पणजोबांसाठी.” तेव्हा वही उघडली आणि शब्द न शब्द वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि धर्ममातेच्या नावावर बोट ठेवून विचारले, “ही कोण?” आम्ही सांगितले. बराच वेळ त्यांनी ते बोट उचलले नाही.

त्यांनी विचारले, “हे घरी सांगू का?” आम्ही म्हणालो, “ते तुम्ही ठरवा. पण सांगाल तर अर्धे सांगू नका. आईबाप अज्ञात होते एवढेच सांगाल तर ती केवळ दुःखाची गोष्ट होईल. कोणी तरी त्याला नाव दिले, हेही सांगा.” त्या बाईच्या कुटुंबाचे वंशज आजही गावात आहेत. त्यांच्याकडे जावे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही आधी त्या घरच्यांची इच्छा विचारली. कारण ती कथा त्यांचीही होती. त्यांनी आनंदाने बोलावले. भेटीत काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही. परतण्यापूर्वी त्या गृहस्थांनी कचेरीत येऊन एक मिस्सा सांगितली. आम्ही मिस्सांच्या वहीत हेतू लिहून घेतला. त्यांनी सांगितलेले नाव पणजोबांचे नव्हते, त्या धर्ममातेचे होते.

आज रक्ताची तपासणी करूनही पूर्वज शोधता येतात. थुंकीचा नमुना पाठवला की आपण कोणकोणत्या मुलखांतून आलो याचा अंदाज मिळतो. त्याला आमचा विरोध नाही. परंतु अशा कोणत्याही तपासणीत ती शेतकरी बाई सापडली नसती. रक्ताचे नाते नसताना ज्यांनी आपल्याला आपले म्हटले, त्यांची साक्ष वहीतच असते.

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांत झारखंडहून आणि इतर राज्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे दिसू लागली आहेत. मुली घरकामाला असतात, पुरुष बांधकामावर. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे आपल्या देवळांत होतात. पूर्वी नोंद लिहिताना आम्ही पत्त्याच्या जागी भाड्याच्या खोलीचा पत्ता लिहून मोकळे होत असू. आता तसे करीत नाही. आईला जवळ बसवून मूळ गावाचे नाव, तिकडच्या धर्मग्रामाचे नाव विचारतो, ते नीट उच्चारून घेतो आणि स्वच्छ अक्षरात लिहितो. धर्ममाता म्हणून गावातली एखादी बाई उभी राहिली तर अधिकच बरे. शंभर वर्षांनी कोणी तरी लांबून येईल, याच खुर्चीत बसेल आणि विचारील, “फादर, आमची पणजी याच गावात आली होती म्हणतात. तिचे नाव मिळेल का?”